गडबच्या हळदीत इटलीची नवरी

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक सिनेमाचं नाव कधी सांगायचं नाही. "वहिनी, तो द्या, ज्यात भाऊ हरवतो." मी विचारायचे, "जत्रेत की पुरात?" "पुरात." मग मी न बघता हात मागे घालून कॅसेट काढून द्यायचे. "तो द्या, ज्यात सासू शेवटी सुधारते" असं म्हणत एक बाई दर महिन्याला यायच्या. घरी सासू होती का, ते मी कधी विचारलं नाही.

रोह्यातून कुंडलिकेचा पूल ओलांडून अष्टमीत उतरलं की आमची व्हिडिओ लायब्ररी लागायची. मूळ हौस आमच्या ह्यांची. पण ते कंपनीत शिफ्टला, आणि शिफ्टवरून आले की झोपायचे, त्यामुळे दुकान माझ्या गळ्यात पडलं. मला वाटलं होतं चार दिवस सांभाळावं लागेल. पण गळ्यात पडलेलं हे लोढणं मला दागिन्यासारखं आवडायला लागलं, आणि पुढे ह्यांनी कधी गल्ल्यावर बसायचं म्हटलं तर मीच त्यांना घरी पाठवायचे.

आताच्या मुलांना हा धंदा समजावून सांगावा लागतो. कॅसेट म्हणजे एक काळा डबा, आत दोन चाकं आणि त्यांच्यावर गुंडाळलेली तपकिरी फीत. मशीन ती फीत बाहेर ओढतं आणि एका गरगर फिरणाऱ्या गोल ड्रमभोवती गुंडाळतं. त्या ड्रमवर हेड असतात, ते चित्र वाचतात. हेडवर धूळ बसली की टीव्हीवर मुंग्या येतात. व्होल्टेज गडगडलं की मशीन फीत गिळतं. आणि पावसाळ्यात फितीला बुरशी धरते, पांढरी, पापडावर धरते तशी. मग कॅसेट स्क्रूड्रायव्हरने उघडायची, मऊ फडक्याने फीत पुसत पुसत एका चाकावरून दुसऱ्या चाकावर न्यायची. आमच्या कॅसेटच्या कपाटात पावसाळाभर बल्ब पेटता असायचा. घरात मुलांच्या चड्ड्या ओल्या, पण कॅसेट कोरड्या ठणठणीत.

दुकानापेक्षा खरी मजा गावांत. हळद असो, पूजा असो, बारसं असो, लोक टीव्ही, मशीन, स्टॅबिलायझर आणि दोन सिनेमे असा सगळा संच भाड्याने न्यायचे. त्याला "व्हिडिओ लावणे" म्हणत. टेम्पोत टीव्ही गोधडीत गुंडाळून, मांडीवर मशीन घेऊन मी गावोगाव जायचे. बाईमाणूस व्हिडिओ लावायला आलेलं बघून आधी लोक चकित व्हायचे, मग चहा आणायचे.

तेव्हा नागोठण्याजवळ मोठी कंपनी उभी राहत होती. यंत्रं जोडून द्यायला परदेशातून इंजिनिअर आले होते. त्यातले एक पाओलो साहेब, इटलीचे. पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्या कॅसेटना बुरशी लागली आणि कोणीतरी त्यांना माझा पत्ता दिला. आजारी मूल डॉक्टरकडे आणावं तशी त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली आणि छातीवर हात ठेवून उभे राहिले. मी एक कॅसेट उघडली, पुसली, मशीनमध्ये घातली. पडद्यावर एक बाई गायला लागली. पाओलो साहेबांनी डोळे पुसले. मला वाटलं, कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास त्यांना झोंबला असावा.

त्या पिशवीत सगळं संगीतच होतं. गाऊनच बोलायची अशी नाटकं, बोटांवर उभ्या राहून नाचणाऱ्या मुली, टाचा आपटून नाचणाऱ्या बायका, कुठल्यातरी देशातल्या लग्नातले फिडलवाले, अंगाएवढे ढोल बडवणारे जपानी. साहेब बुरशी काढून घ्यायला येत राहिले आणि प्रत्येक वेळी समोर बसून मला गोष्ट सांगायचे. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, त्यामुळे आमचं छान जमायचं. काम संपवून परत निघाले तेव्हा ती पिशवी त्यांनी मलाच दिली. "तिथे मला पुन्हा मिळेल," म्हणाले. "इथे तुम्हाला कोण देणार?"

मी वेगळा खण केला आणि वर पाटी लावली, "परदेशी गाणी". तिकडे कुत्रं फिरकेना. चुकूनमाकून गिऱ्हाईक आलंच तर ते विलक्षण असायचं. पेणचे एक मूर्तिकार बोटांवरच्या नाचाची कॅसेट घेऊन गेले. सगळा भार एका अंगठ्यावर कसा तोलतात, ते त्यांना बघायचं होतं. परत आणली तेव्हा म्हणाले, "जमण्यासारखं आहे वहिनी, पण बाप्पा असा उभा केला तर विसर्जनाच्या आधीच जायचा." एका भजनी बुवांनी जपानी ढोल मागून घेतले. ती कॅसेट दुसऱ्या पद्धतीची, आपल्या टीव्हीवर चित्र रंगाशिवाय यायचं आणि खालून वर सरकत राहायचं. बुवांनी ती पूर्ण बघितली. म्हणाले, "वादन अव्वल आहे. पण ही माणसं सारखी वर कुठे जातात?"

असे दिवस चालले असताना गडबच्या हिराजीभाऊंनी मुलीच्या हळदीला व्हिडिओ सांगितला. भातशेतीवाला साधा माणूस, एकुलती एक लेक सुगंधा, आणि नवरा मुलगा नागोठण्याचा, कंपनीत नवाच लागलेला. हिराजीभाऊ काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "वयनी, नवऱ्याचा काका लय तिखाट हाय. साखरपुड्याला पानात लोनचं वाढलं नाय म्हनून उठून गेलता. हलदीला काय कमी पडाया नको." त्यांनी त्या वेळी गाजत असलेला सिनेमा सांगितला आणि जोडीला एक देवादिकांचा.

आमच्याकडे रिवाज असा की नवऱ्याची हळद आधी लागते आणि त्याची उष्टी हळद घेऊन त्याची माणसं नवरीकडे येतात. मी गडबला पोचले तेव्हा दिवस मावळत होता, मांडवात बायका जमल्या होत्या आणि टेम्पोतून उतरणाऱ्या पाहुण्यांत तो काका दिसलाच. नामदेवकाका त्याचं नाव. पांढरी टोपी, आणि चेहरा असा की चहा आधीच थंड झालेला असणार. मांडवाच्या मधोमध पाटाजवळ पदीबाय बसली होती. पदीबाय धवलारीण. धवलारीण म्हणजे लग्नात धवले गाणारी बाई. हळद दळण्यापासून नवरी उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत प्रत्येक गोष्टीला तिचं गाणं लागतं. तिने सूर लावल्याशिवाय हळदीला कोणी हात लावत नसे. काळी, सडपातळ, कानांवर चांदीची फुलं, आणि आवाज खाडीपलीकडे ऐकू जाईल असा.

हळद लागली, जेवणाच्या पंगती बसायला वेळ होता, म्हणून हिराजीभाऊंनी खूण केली आणि मी सिनेमा लावला. नावं सरकली, नायक मोटारसायकलवरून आला, पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि गावातल्या कोणीतरी त्याच वेळी पाण्याची मोटर चालू केली. दिवे पिवळे झाले. मशीनने गचका दिला आणि फीत गिळली.

मी झाकण उघडलं. ड्रमभोवती फितीचा गुंता झाला होता, शेवयांसारखा. कात्री घेतली, गुंता सोडवला, हेड स्पिरिटने पुसले. मशीन वाचलं, सिनेमा गेला. म्हटलं हरकत नाही, देव आहेत. देवाची कॅसेट डब्यातून काढली आणि तिच्यावरची चिठ्ठी वाचली. डबा देवाचा होता, आत पाओलो साहेबांच्या पिशवीतलं एक गाऊन बोलायचं नाटक होतं, मी त्याला इटलीची नवरी म्हणायचे. गिऱ्हाईक कॅसेट परत आणताना डबे बदलतात, हा आमच्या धंद्यातला जुना रोग. आता देव कोणाच्या घरी होते देव जाणे.

मागून नामदेवकाकांचा आवाज आला, "काय हो हिराजीशेट, व्हिडिओ मोटारसायकलीवरून पलून गेला का काय?" त्यांच्या बाजूची माणसं हसली. हिराजीभाऊंनी माझ्याकडे बघितलं. तसं बघणं कोणाच्या वाट्याला येऊ नये. मी म्हटलं, "दुसरा लावते. फॉरेनचा आहे." आणि बटण दाबलं.

लाल पडदा. एक माणूस पाठमोरा उभा राहून काठी हलवतोय.

"ह्यो कोन? मारतोय कोनाला?"

"बँडमास्तर असल."

पडदा वर गेला. डोंगरातलं गाव, पाणचक्की, आणि चक्कीवाल्याची सोळा वर्षांची लेक. तिचं काम करणाऱ्या बाई चांगल्या चाळिशीच्या होत्या आणि अंगाने भरपूर. तिने तोंड उघडलं आणि मांडवातली लहान मुलं आयांना बिलगली. मग हशा पिकला. नामदेवकाका म्हणाले, "ही नवरी? हिला उचलाया क्रेन आना कंपनीतली."

तेव्हा पदीबायने हात वर केला. एवढंच. मांडव गप्प झाला.

"हलदीच्या मांडवात नवरीला हसायचं नाय," ती म्हणाली. "कोनाची पन असो." आणि माझ्याकडे वळून, "वयनी, मोठा कर गो आवाज."

मी आवाज मोठा केला. पदीबाय मान तिरकी करून ऐकत राहिली. मग म्हणाली, "ही नाय म्हनतं."

"काय नाय म्हनतं?" मागून कोणीतरी विचारलं.

"लगीन नाय म्हनतं. नवरी रडतं तवा सूर खाली येतो. हिचा वर जातोय. ही बापाशी भांडतं."

मी गोष्ट पाओलो साहेबांकडून ऐकलेली होती. मी म्हटलं, "बरोबर आहे. बापाने तिला म्हाताऱ्या व्यापाऱ्याला द्यायचं ठरवलंय. हिचं मन नावाड्यावर आहे."

बस, तिथून सिनेमा आम्ही दोघींनी चालवला. मी एक ओळ सांगायचे, पदीबाय तिच्या दहा करायची. काळी उंच टोपी घातलेला व्यापारी आला, तो भातगिरणीवाला शेठ झाला. नवरीची मैत्रीण करवली झाली. तलवारी लावलेले शिपाई रांगेने येऊन गायला लागले, पदीबाय म्हणाली, "वराड आलं." ते गातच राहिले. "येवढं वराड आलं आन् अजून कोनी पानी नाय इचारलं. हितंच मोडनार लगीन." हिराजीभाऊंच्या बायकोने हे ऐकलं आणि नवऱ्याकडच्या लोकांना लगबगीने सरबत फिरवलं.

नावाडी आला. बारीक, पण छातीवर हात ठेवून असा ताणला की स्टॅबिलायझर किणकिणला. एक आजोबा काळजीने म्हणाले, "त्याच्या छातीत कल आली. कोनीतरी बसवा त्याला." पदीबाय म्हणाली, "ती कल बसून जायाची नाय." बायका हसून एकमेकींवर पडल्या. सुगंधा हळदीने पिवळी होऊन पाटावर बसली होती, तीही हसली, आणि तिच्या गालावरची हळद पापडीसारखी सुटली.

मी एका डोळ्याने नामदेवकाकांकडे बघत होते. ते आधी उभे होते. मग खुर्चीच्या दांडीवर टेकले. मग खुर्चीत बसले. मग खुर्ची पुढे घेतली. व्यापारी चक्कीवाल्याच्या हातात थैली देतो तिथे ते मोठ्याने म्हणाले, "घेऊ नको." चक्कीवाल्याने घेतली. काकांनी टोपी काढून मांडीवर आपटली.

जेवणं तयार झाली होती. कोणी उठेना. आचारी स्वतः झारा घेऊन येऊन उभा राहिला आणि तिथेच खिळला. आणि अशा रंगात आलेल्या मांडवात मला आठवलं, ही नवरी शेवटी मरते.

विष पिऊन मरते. नावाडी येतो तेव्हा उशीर झालेला असतो, तो तिला मांडीवर घेऊन गातो, पडदा पडतो. आणि समोर पाटावर हळद लागलेली पोर. हळदीच्या मांडवात नवरी मेलेली दाखवली, तर नामदेवकाका सोडा, गावातल्या कोणी मला पुन्हा दारात उभं केलं नसतं. आणि मला त्याहून सुगंधाची भीती वाटली. उद्या संसारात काही उणंदुणं झालं की म्हणणार, हळदीलाच अपशकुन झाला होता.

मी पदीबायजवळ सरकले आणि तिच्या कानात सांगितलं. "बंद करू का?"

तिने मांडवावर नजर फिरवली. "आता बंद केलंस तं तुलाच हलद लावतील," ती म्हणाली. "मेलेली पुना उठतं काय त्यात?"

"नाही उठत."

"तुझ्या मशीनात बग काय हाय का. मी हाय हितं."

मशीनात एक होतं. चित्र दिसत असतानाच फीत मागे पळवायचं बटण. आम्ही ते राहिलेलं गाणं पुन्हा लावायला वापरायचो. चित्र उलटं धावतं, आवाज बंद होतो आणि पडद्यावर आडव्या रेघा पळतात. मी बोट त्या बटणावर ठेवलं.

नवरीने कुपी तोंडाला लावली. नावाडी धावत आला. ती लडखडली, गायली, पडली, पुन्हा थोडं गायली. नावाड्याने तिला मांडीवर घेतलं. मागून एका बाईचा हुंदका आला. नामदेवकाका उभे राहिले आणि म्हणाले, "मेली?"

"मेली नाय," पदीबाय कडाडली. "हलद लावा तिला." आणि तिने धवला सुरू केला. मांडवातल्या सगळ्या बायकांनी तो उचलला आणि मी बटण दाबलं.

नवरी सटकन उठून बसली. रेघांमधून उभी राहिली. नावाडी उलटा पळत दाराबाहेर गेला, कुपीतलं विष तिच्या तोंडातून परत कुपीत गेलं, कुपी कपाटात गेली, म्हातारा व्यापारी उलट्या पावली उंबऱ्याबाहेर निघाला आणि त्याची थैली चक्कीवाल्याच्या हातातून उडून त्याच्याच हातात परत आली. तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. अख्खा मांडव ओरडत होता आणि त्याच्यावर पदीबायचा सूर. आजोबा टीव्हीला हात जोडून बसले. मी फीत पार सुरुवातीच्या नाचापर्यंत नेली, तिथे गावातली सगळी माणसं फेर धरून नाचतात, आणि तिथून सरळ चालू केली. आमचा मांडवही नाचायला उठला.

नामदेवकाका घामाघूम होऊन हिराजीभाऊंच्या गळ्यात पडले. "मानलं," म्हणाले. "असा पिच्चर आमच्या नागोठन्यात कदी लागला नाय." पानात लोणचं होतं की नाही, ते त्यांनी त्या दिवशी बघितलंच नाही.

पुढे काय झालं ते लोकांना खोटं वाटतं. गावोगावचे लोक इटलीची नवरी मागायला लागले, आणि अट एकच, शेवट उलटा पाहिजे. फीत पुढे-मागे ओढून ओढून त्या जागी झिजली. पेणच्या एका बँडचे मास्तर क्लॅरिनेट घेऊन दुकानात येऊन बसले आणि फेराच्या नाचाची चाल उचलून गेले. त्यांनी ती एवढी जलद केली की पाओलो साहेबांनाही ओळखू आली नसती. कितीतरी वराती तिच्यावर नाचल्या. कोणाला वाटायचं कोळीगीत आहे, कोणाला वाटायचं नव्या सिनेमातलं.

मग केबल आली, घरोघरी फुकटात सिनेमे दिसायला लागले आणि आमच्या काउंटरवर धूळ बसायला लागली. वाईट वाटलं. पण दुकान बंद व्हायच्या आधीची एक गोष्ट राहिली आहे.

लग्नाचं व्हिडिओ शूटिंग तेव्हा नुकतं आलं होतं. पेणचा एक फोटोग्राफर कॅमेरा खांद्यावर घेऊन फिरायचा. गडबच्याच एका लग्नात तो मला भेटला. आहेर, हार, जेवणाऱ्यांची तोंडं, सगळं तो टिपत होता. पदीबायने धवला सुरू केला आणि त्याने कॅमेरा बंद करून खाली ठेवला.

"बॅटरी वाचवतो," म्हणाला. "हे कोण बघणार वहिनी?"

मी म्हटलं, "माझ्याकडे इटलीपासून जपानपर्यंतची गाणारी माणसं आहेत. गडबचं कोणी नाही. चालू कर."

त्याने चालू केला. बॅटरी संपेपर्यंत पदीबाय गात होती.

ती कॅसेट बघायला पदीबायला मी दुकानात बोलावलं. ती एसटीने एकटी आली, नवं लुगडं नेसून. खुर्ची दिली तर खाली बसली, टीव्हीच्या अगदी पुढ्यात. मी कॅसेट घातली. तिने सगळा जन्म गाण्यात घालवला होता, पण गाताना आपण कशा दिसतो ते तिला कोणी दाखवलं नव्हतं. ती बघत राहिली. मी काहीतरी म्हणायला गेले तर तिने हात वर केला.

"बोलू नको गो. ती गातं."

मध्येच एकदा म्हणाली, "हितं दम तुटला तिचा." संपल्यावर डोळे टिपून म्हणाली, "चांगली गातं. नवरीकडं बगून गातं, मानसांकडं बगत नाय. ते बरं हाय."

मी म्हटलं, "ही कॅसेट मी परदेशी गाण्यांच्या खणात ठेवते. लोक भाड्याने नेतील."

"नाय," ती म्हणाली. "मी नेतं."

"अहो पदीबाय, तुमच्याकडे मशीन नाही, टीव्ही नाही. कॅसेट नेऊन करणार काय?"

"ठेवीन. गानं माजं हाय."

मग माझं काय चालणार. मी तिला एक नवा डबा दिला. तिने तो पदरात गुंडाळला आणि मी तिला स्टँडवर सोडायला गेले. पेणकडे जाणारी गाडी भरलेली होती. कंडक्टर दारात उभा राहून सगळ्यांना मागे ढकलत होता. त्याने पदराकडे बघून विचारलं, "म्हातारे, काय आहे त्यात? अंडी असतील तर फुटतील."

"शिनेमा हाय," पदीबाय म्हणाली. "माजा."

कंडक्टरने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्याने पुढच्या सीटवरच्या माणसाला उठवलं आणि पदीबायला खिडकीशी बसवलं.